ओ देणारा डोळा

सुनंदे, ये, अशी जवळ सरक. लांब बसून ऐकायची ही गोष्ट नाही. दोन दिवाळ्या झाल्या, इकडे फिरकली नाहीस, आणि फोनवर मात्र विचारतेस — "मावशी, त्या एसीचं खरं का गं?" असलं फोनवर विचारतात का? गॅसवर दूध ठेवून मी काय सांगणार होते तुला? म्हणून आता लिहूनच काढते. तू हे मासिक वाचतेस, आणि हे अनुभवांचं पान तर आधी उघडतेस, मला माहीत आहे. बाकीच्यांनी ऐकलं तरी माझी ना नाही.

पहिल्यांदा हे सांगते... मी असल्या गोष्टी मानणारी बाई नव्हे. जव्हारला तुझ्या काकांबरोबर, आणि ते गेल्यावर एकटीनं, मी पिठाची गिरणी चालवली. शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती गिऱ्हाइकांच्या डब्यांवरची नावं वाचून — म्हणून शुद्धलेखनाचं कोणी मनावर घेऊ नका. पण करंटशी माझी जुनी ओळख. फ्यूज मी बांधते, फेज कुठला ते टेस्टर लावून मी बघते. गिरणीत भूत आहे असं कोणी म्हटलं तर मी आधी पट्टा बघते, सैल झालाय का ते.

घर तुझ्या डोळ्यांसमोर असेलच, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. एसटी स्टँडवरून खाली उतरणाऱ्या रस्त्याच्या टोकाला आमचं घर. पुढे गिरणी, मागे दोन खोल्या. मागच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, आणि खिडकीखालून जो उतार सुरू होतो तो थेट दरीत. गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची... भर दुपारी लाइट जायची, त्या दिवसांतली.

तुझी आई म्हणजे माझी मोठी बहीण. मी तिला बाय म्हणायची. मोखाड्याला एकटी राहायची ती. मग विसरायला लागली. आधी चहातली साखर, मग बाजारातून घरची वाट, मग माणसं. तू नाशिकला, तुझी पोर तान्ही. मीच जीपनं जाऊन तिला जव्हारला घेऊन आले.

आल्यावर तिचं एक सुरू झालं. दुपारची जेवणं झाली, सगळं निजानीज झालं की ती उठून बसायची, खिडकीकडे तोंड करायची आणि म्हणायची, "ओ..." मोठ्यानं नाही. पलीकडच्या खोलीतून कोणी बोलावल्यासारखं. आणि चालू लागायची.

"कुठं निघालीस गं?"

"आयस बोलावते."

आयस म्हणजे आमची आई. तिला जाऊन तीसेक वर्षं झालेली.

एकदा मी दळणात होते. आत येऊन बघते तर मागचं दार सताड उघडं. बाय सापडली ती उताराच्या टोकाला, करवंदीच्या जाळीत. काट्यात पदर अडकला म्हणून थांबली. जाळीच्या पुढे नुसता कडा. तू तेव्हा फोनवर रडून म्हणालीस, "मावशी, बाहेरून कडी घाल." तुझंही बरोबरच होतं. पण मी नाही घातली. जिनं मला कडेवर घेऊन वाढवलं तिला कोंडायचं कसं? मला एवढंच हवं होतं, की ती माझ्या हातून जाऊ नये. रात्रंदिवस छातीत तेवढं एकच.

त्यात उन्हाळा. बायच्या अंगावर घामोळं, खाजवून खाजवून जखमा. डॉक्टर म्हणाले, गार ठेवा त्यांना, डोकं पण शांत राहील. माझा विलास ठाण्याला. त्यानं कुठल्याशा ऑफिसातून काढलेला जुना खिडकीचा एसी टेम्पोत घालून आणला. सगळी आळी हसली. जव्हारात एसी म्हणजे... शेजारची म्हणाली, "माई, आता फ्रीजमध्येच राहायला जाणार का?" मी म्हटलं, "तूही ये, टिकशील चार दिवस."

पण बायला खिडकी उघडी लागायची. म्हणून एसी बसवला खिडकीच्या वर, पार छताजवळ, भिंतीला भोक पाडून. चालू करायचा तर स्टूल घेऊन वर चढा, बटण फिरवा. एकदा मी स्टुलावरून घसरले. मग सोमा वायरमनला बोलावलं. सोमा मोखाड्याकडच्या एका पाड्यावरचा, भिवंडीला एसीच्या दुकानात राहून आलेला. "काकी, टेन्शन नको. रिमोटचा किट टाकून देतो."

त्यानं पुढची जाळी काढली, ती फिरवायची बटणं काढून टाकली, त्यांच्या जागी सर्किटची एक हिरवी पट्टी बसवली. फेज, न्यूट्रल, कॉम्प्रेसरची वायर, पंख्याच्या वायरी... एकेक पट्टीला जोडत होता. मी खाली टेस्टर घेऊन उभी.

"काकी, तुमी तर मला परीक्षेलाच बसवला."

"बसवणारच. मागच्या खेपेला न्हाणीतल्या दिव्याचा फेज उलटा जोडून गेलास."

"ते जुनं झालं ना पण."

"शॉक नवा होता."

शेवटी पिशवीतून निघाला एक काळा मणी, वाटाण्याएवढा, बारीक वायरीच्या टोकाला. हाच तो रिसीवर. सोमा त्याला डोळा म्हणाला. रिमोट दाबला की ह्याला कळतं, हा पट्टीला सांगतो. वायर जरा तोकडी होती, त्यामुळे खाटेसमोर काही पोचेना. मग त्यानं तो खिडकीच्या चौकटीला चिकटवला, तिरका. अर्धा खोलीकडे बघणारा, अर्धा दरीकडे. वर मेन चालू केला आणि रिमोट दाबला. टीं...

"बघा काकी, ओ दिली."

आता हे नाशिककरांना कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे दरीतून, रानातून कोणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. माणूस असेल तर पुन्हा मारील, तिसऱ्यांदा मारील. जे माणूस नसतं ते एकदाच बोलावतं, आणि जो ओ देतो तो त्याच्यामागे जातो, असं म्हणतात. मी मानते असं नाही... पण सवय ती सवय. तोंडातून निघून गेलं, "सोमा, ह्याला तिसऱ्या हाकेला ओ द्यायला लाव ना."

दुसरा कोणी हसला असता. सोमाचा हात थांबला. "काकी, ह्याला पहिलीच हाक समजते. मशीन हाय."

"घर तर माणसाचं आहे."

"मंग मी काय करू? तीनदा दाबायचा करायला मला पुन्यात जाऊन शिकायला लागंल."

चहा पिऊन गेला. जाताना दोनदा वळून त्या डोळ्याकडे बघितलं त्यानं.

थोडे दिवस बरे गेले. मग एक दुपार... मी खाली चटईवर, बाय खाटेवर. गारवा झाला म्हणून एसी बंद केलेला. रिमोट माझ्या उशाखाली. बाय उठून बसली. खिडकीकडे वळली. तिचे ओठ उघडताना मी बघितले, ओ येणार म्हणून मी उठायला लागले, तेवढ्यात —

टीं.

एसी घरघरून चालू झाला. बायनं तोंड मिटलं. सांगितलेलं काम धावत जाऊन करणाऱ्या पोराकडे बघतात ना, तशी त्या डोळ्याकडे बघत राहिली. "दिली ओ," म्हणाली, आणि आडवी झाली. झोपली सुद्धा.

दुसऱ्या दिवशी तेच. मग जवळजवळ रोजच. मी रिमोटचे सेल काढून डब्यात टाकले, तरी तेच. विलास म्हणाला, आई, पश्चिमेचं ऊन डोळ्यावर पडतं, त्यानं फसतो तो. मी खिडकीवर गोधडी टांगली. तरी टीं. आभाळ भरून आलेल्या दिवशी पण टीं. मग मी विचार करायचं सोडून दिलं. बाय झोपत होती. दार उघडं असून जात नव्हती. कोण बोलावतं आणि कोण ओ देतं... मला काय त्याचं?

आणि खरं सांगू का, त्या दुपारी फार गोड होत्या गं. माझ्या हातावर पिठाचा पांढुरका थर, एसीची ती एकसुरी गुणगुण, बायचा हात खाटेवरून खाली लोंबलेला. तो धरून मी पडायची. डोळा लागला की माहेरची, जामसरची आमची भातखाचरं दिसायची, पाण्यानं भरलेली, त्यात आभाळ. आम्ही दोघी बांधावर उभ्या. जाग आली तरी तळपायाला चिखलाचा गारवा वाटत राहायचा.

मग ती दुपार आली. लाइट सकाळीच गेलेली. लाइट गेली की मी मेन स्विच खाली ओढते, ही गिरणीची सवय. येताना व्होल्टेज एकदम येतं आणि मोटार जळते. तेव्हा मेन खाली होता, मी माझ्या हातानं ओढलेला. उकाडा असा की कुत्री पण बोलत नव्हती. मला एकच धास्ती... आज ओ कोण देणार? मी बायला खाली चटईवर घेतलं, तिच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारली आणि शेजारी पडले. जागं राहायचं ठरवलं होतं. नाही राहिले.

हाक मी ऐकली.

दरीतून आली. वाऱ्यावर येते तशी, लांबवर सुरू झालेली, शेवटचं अक्षर ओढलेलं.

"धाकलेऽऽ..."

सुनंदे, मला धाकली म्हणणारी एकच बाई होती जगात. पलीकडच्या बांधावरून आयस मला अशी हाक मारायची. बाय मला नावानंच बोलवायची. म्हणजे हाक माझी होती. बाय इतके दिवस "आयस बोलावते" म्हणत होती, कोणाला ते मी कधी विचारलंच नव्हतं.

भीती वाटली नाही. तेच तर सांगायचं आहे. दिवसभर लावणी करून अंग मोडलेलं असावं आणि कोणी म्हणावं, चला आता घरी... तसं वाटलं. ओ माझ्या घशापर्यंत आली. तोंड उघडलं मी.

तोंडावर हात आला. घट्ट. बायचा. रानात पाला तोडायला जायचो तेव्हा कुठून हाक आली की ती माझं तोंड असंच दाबायची, अंगठा गालात रुतेपर्यंत. महिनोन् महिने जिला माझं नाव आठवत नव्हतं, तिचा तो हात.

"गप," म्हणाली. "तुला नाय कळत."

आणि तिनं श्वास घेतला. मला तिची छाती फुगलेली जाणवली. तेव्हा माझ्या डोक्यात उजाडलं, की ती विसरली नव्हती काही. इतक्या सगळ्या दुपारी ती माझी ओ देत होती. माझ्याऐवजी चालू लागत होती. तिला थांबवायचं तर माझ्या तोंडावर तिचाच हात —

टीं.

एवढंच. लाइट नाही, मेन खाली, पंखा थिजलेला, आणि खिडकीच्या चौकटीतून स्वच्छ टीं. मग दरी गप्प झाली. खूप वेळानं कुठंतरी एक कोंबडं ओरडलं.

बायनं हात काढला. "दिली त्यानं," म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, नीट, ओळखीनं, आणि म्हणाली, "सारजे, घामानं भिजलीस की सगळी." पदरानं माझं तोंड पुसलं, आमच्या दोघींच्या गाठ मारलेल्या पदरानं. पुढच्याच घटकेला पुन्हा नेहमीची... "बाई, तुम्ही कोणाच्या?"

संध्याकाळी लाइट आली. मेन वर केला. एसी मेलेला. सोमा आला, जाळी काढली, टेस्टर लावला.

"काय जळला नाय काकी. फेज येतो, पट्टीला पुरवठा हाय. हा डोळा आंधळा कसा झाला काय समजत नाय."

"दुसरा लाव."

दुसरा लावला. पट्टी बदलली. नाहीच. मग मी त्याला सांगितलं सगळं. त्यानं विचारलं, "मेन खाली व्हता? नक्की?" मी म्हटलं, हो. तो शिडीवरच बसला.

"म्हातारे बोलतात ना काकी, ओ देनारा जातो."

"मशीन आहे म्हणालास ना तू?"

"म्हनालो व्हतो," म्हणाला, आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

त्यानंतर बाय दुपारची कधी उठली नाही. पावसाळा सरल्यावर तू तिला नाशिकला नेलंस, आणि ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली. हरवली नाही. माझ्याही हातून नाही, तुझ्याही नाही.

विलास म्हणतो, कपॅसिटरमध्ये करंट राहिला असेल. सकाळपासून? मी मोटारीचे कपॅसिटर बदलून म्हातारी झाले, बाबा. मग म्हणतो, झोपेत होतीस. असेन. पण झोपेतल्या माणसाच्या गालावर अंगठ्याचा वळ कसा उठतो? दुसऱ्या दिवशी दळण घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, "माई, गालाला काय लागलं?" मी पदरानं गाल झाकला आणि तिचं दळण तोलायला घेतलं. तो वळ कसा उठला ते कोणा वाचणाऱ्याला माहीत असलं तर कळवा.

पण सुनंदे, तुला एक विचारायचं आहे. नाशिकला असताना शेवटी शेवटी ती कधी माझ्याबद्दल काही बोलली का गं? काहीही... लगेच फोन करू नकोस. फोनवर मला ऐकवणार नाही ते. तूच ये. पोरीला घेऊन ये. सकाळच्या गाडीनं निघ म्हणजे दुपारच्या आत पोचशील. नागलीच्या भाकऱ्या करून ठेवते. गिरणी मी आता दुपारची बंदच ठेवते, जेवून तिघी जणी मागच्या खोलीत पडू. एकटीला मला दुपारची झोप लागत नाही. लवकर ये गं.