आठ आण्याएवढी होडी

आमच्या दहिसरच्या चाळीत मुलगी लग्नाची झाली की घरात भिंतीवर मोर यायचा. काचेच्या फ्रेममधला, रंगीत दोऱ्यांनी भरलेला, पिसारा फुलवलेला, चांगला हातभर. पाहुणे मुलगी बघायला आले की आईनं सहज म्हणून सांगायचं, "हिनंच भरलाय हो." निम्म्या मोरांना त्या मुलींचा हातही लागलेला नसायचा. सगळ्यांना ठाऊक, पण बोलणार कोण?

मला मोर भरायचाच नव्हता. मला वर्सोव्याच्या किनाऱ्यावरची होडी भरायची होती, तीसुद्धा आठ आण्याच्या नाण्यात मावेल एवढी. का, तर मोठं सगळेच करतात. तेव्हा एवढंच उत्तर सुचायचं आणि आजही मला ते पुरेसं वाटतं.

शिकवायला कोणी नव्हतं. शिवणाच्या क्लासमध्ये शिकलेलं इथं काही चालेना. लडीतला सहापदरी दोरा तसाच ओवला, तर पहिली होडी थेट ढेकूण दिसली. मग दोऱ्याचा एकच पदर सोडवून घ्यायला लागले, मोती ओवायची बारीक सुई आणली. एवढंसं कापड लाकडी रिंगेत ताणून बसेना, म्हणून माझी लहानपणीची प्लास्टिकची बांगडी काढली, तिच्यावर मलमल ताणली आणि वरून रबर बँड चढवला. झकास बसलं. खिडकीत ऊन असेपर्यंत मी श्वास रोखून टाके घालायचे. शीड जमलं त्या दुपारी मी एकटीच हसत बसले होते.

आई मालवणकडची. तिनं होडी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. "अगो, ह्यां कोणाक दिसतलां?" म्हणाली, आणि शेजारच्या काकूंचा मोर मागून आणला. मला बघायला मंडळी येणार होती. खिळा ठोकून तिनं तो टांगला. मी म्हटलं, काढ तो. ती म्हणाली, तू उद्या तोंड उघडू नको म्हणजे झालं.

मंडळी मुलुंडची, स्वतःचा ब्लॉक, मुलगा नोकरीत कायम. आईचा सगळा जीव त्या स्थळात अडकला होता. पोह्यांच्या बशा फिरल्या. मुलाच्या आईनं मोराकडे बघून विचारलं, "तू भरलास का गं?"

"नाही," मी म्हटलं, "तो शेजारच्या काकूंचा. माझं हे." आणि बांगडीसकट होडी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "एवढंसं? भिंतीवर लावलं तर दिसणार कुणाला?"

"ज्याला बघायचंय तो जवळ येईल."

नकार आला, आणखी काय येणार? हात दाखवून अवलक्षण, असं म्हणून आईनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं ते तिच्यासाठी. स्थळासाठी मुळीच नाही. उभा जन्म दुसरीच्या मोराखाली काढण्यापेक्षा घरी बसलेली बरी, हेही मी तिला तोंडावर सांगितलं.

काकूंचा मोर परत गेला. रिकाम्या खिळ्याला मी माझी बांगडी अडकवली. आईनं बघितलं, पण काढली नाही. पुढच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आतच, एरवी त्यांच्यासमोर जपून शुद्ध बोलणारी माझी आई भिंतीकडे हात करून म्हणाली, "थंय बसान दिसाचां नाय. उठा, जवळ येवा."