पडक्या घराला लागून

एकसष्ट साली आम्ही वणीत कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, आमचे हे जिनिंगमध्ये फिटर होते आणि घरात तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. कापसाचा हंगाम सुरू झाला की रुईचे तंतू त्या खोलीत सगळीकडे उडत, अगदी भाजीतसुद्धा सापडत. आत्याबाईंना त्यानं दमा जडला. डॉक्टर म्हणाले, औषधानं काही होणार नाही, जागा बदला.

जागा बदलणं आम्हाला सोपं नव्हतं. नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली होती, पण खोली पाहायला गेलो की घरमालक आधी गाव विचारत, मग आडनाव विचारत आणि मग ती खोली कालच कोणाला तरी देऊन टाकलेली असे. तीनदा असं झाल्यावर हे म्हणाले, "आता विकतचंच पाहू. विकणाऱ्याले तरी आपल्यासंगं राहाचं नसते."

घर कळलं ते एका पिंजाऱ्याकडून. जिनिंगमधून रुई नेऊन तो गाद्या-रजया भरून द्यायचा, त्यामुळे यांची ओळख होती. सगळे त्याला चाचा म्हणत. चाचा आणि चाची आता चांद्याला मुलाकडे राहायला निघाले होते. एका रविवारी आम्ही दोघं घर पाहायला गेलो. दोन खोल्या, वर कवेलूंचं छप्पर, मागे थोडं अंगण आणि त्यात लिंबाचं झाड. मी चूल कुठं आहे ते पाहायला आत वळले, तर चाचांनी मला थांबवलं.

"मास्तरनीबाई, पहले ये दीवार देखो. मकान बाद में."

ती शेजारच्या घराशी सामाईक असलेली मातीची भिंत होती. इकडून ती छान लिंपलेली आणि चुन्यानं पोतलेली होती, पण वरच्या अंगाला ओल दिसत होती. पलीकडचं घर नऊ-दहा वर्षांपासून बंद होतं. मालक तहसिलीतून रिटायर होऊन राळेगावला राहत होते. त्या घराचं छप्पर खाली आलं होतं, त्यामुळे दर पावसाळ्यात पाणी थेट भिंतीच्या माथ्यावर पडायचं.

"उधर से मिट्टी गिरती है, इधर से मैं लगाता हूँ," चाचा म्हणाले. "उधर छप्पर डालना पडेगा. मैंने उनसे कभी पूछा नहीं. आप पूछ लो, फिर सोचो."

आमच्या आधी चार जण येऊन गेले होते. सगळ्यांना त्यांनी आधी भिंतच दाखवली होती आणि सगळे परत गेले होते. मला तो माणूस आवडला. यांना भिंत आवडली नाही.

पुढचे पंधरा दिवस ज्यानं-त्यानं सल्ला दिला. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, पडक्या घरात साप असतात. जिनिंगमधल्या एकानं सांगितलं की तिथं एक बाई मेली होती, म्हणून मालक परतले नाहीत. चाचीला मी विचारलं तेव्हा ती हसली. बाई मेली होती हे खरं, पण ती मालकांची म्हातारी आई, आणि तापानं गेली होती. आत्याबाईंची चौकशी वेगळीच होती. त्या स्वतः चाचीकडे गेल्या आणि पाणी कुठून भरता ते विचारून आल्या. गल्लीच्या तोंडाशी विहीर होती. चाची त्यांना तिथं घेऊन गेली, पाणी भरणाऱ्या बायकांपुढं उभं केलं आणि म्हणाली, ह्या आमचं घर घेऊन राह्यल्या. एका बाईनं बादली धरायला मदत केली. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "तिथं जमते."

मग मी ठरवलं की पलीकडची बाजू आपण डोळ्यांनी पाहायची. शाळेला सुट्टी होती. दुपारी विळा घेऊन हे पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या आवारात शिरलो. तरोट्याचं तण कमरेएवढं वाढलं होतं. सगळ्या गल्लीनं कितीतरी वर्षं तिथं केर टाकला होता; फुटक्या मडक्यांवरून चालावं लागत होतं. मागच्या बाजूला एक विहीर होती, कठडा ढासळलेली. घरात स्वयंपाकाच्या जागी कडुनिंब उगवून पार वर गेला होता. चूल मात्र जशीच्या तशी होती आणि तिच्या शेजारी सापाची कात पडली होती.

वरून पाण्यानं खात खात भिंत माथ्याकडे इतकी बारीक झाली होती की यांनी हात लावून मोजली, तर जेमतेम वीतभर उरली होती. खाली दीड हात जाड आणि वर वीतभर. हे म्हणाले, "चाच्यालेही हे माहीत नसन."

आम्ही त्यांना सांगितलं. चाचा स्वतः पाहायला आले आणि डोक्यावरची टोपी हातात धरून उभे राहिले. "दस साल मैं इसके नीचे सोया," म्हणाले.

तरी ठरवण्याआधी मालकांना विचारायला हवं होतं. पुढच्या रविवारी बसनं राळेगावला गेलो. मालक ओट्यावरच भेटले. गोरे, वयस्कर, बोलायला सभ्य. त्यांनी बसा म्हटलं, भिंतीची हकिगत नीट ऐकून घेतली आणि मग गाव विचारलं. त्यांचा पुढचा प्रश्न काय येणार हे ओळखून हे म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत."

त्यांनी आतून दौत-टाक मागवला आणि कागदावर लिहिलं. भिंतीवर छप्पर घालायला आणि आवार साफ करायला त्यांची हरकत नव्हती. शेवटी एक ओळ होती: विहिरीला हात लावू नये. कागद त्यांनी हातात न देता ओट्याच्या कडेवर ठेवला. यांनी तो उचलला नाही. तेवढ्यात त्यांची सून पाण्याचा लोटा घेऊन बाहेर आली. तिनं लोटा माझ्या हातात दिला आणि वाकून कागद उचलून तोही माझ्या हातात दिला. सासऱ्यांकडे तिनं पाहिलं नाही. मी पाणी प्यायले. तहान लागलीच होती.

घरी आल्या आल्या हे म्हणाले, "मले ते घर नाही पायजे."

आत्याबाईंनी विचारलं, "काहून?"

मी कागद वाचून दाखवला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग लेकाला म्हणाल्या, "त्याची विहीर तुले कायले पायजे रे? पाणी तर आपल्याले गल्लीत भेटते. भितीवर छप्पर घालू देते ना तो? मंग घाल."

"बाई," हे आईला म्हणाले, "त्यानं मुद्दाम लिवलं ते."

"लिवू दे. मी नागपूरले पायी गेलती ते काही त्याच्या विहिरीसाठी नाही गेलती. मले रातभर श्वास घेता येत नाही, तू त्याच्या कागदावर रुसून राह्यला."

हे उठून बाहेर गेले. मला त्यांचं म्हणणं पटत होतं आणि आत्याबाईंचंही. पण शेवटी त्या खोलीत आम्हाला कापसाचा आणखी एक हंगाम काढायचा नव्हता. दोन दिवसांनी हे आपण होऊन म्हणाले, "झोपायचं त्या भितीपासून लांबच्या खोलीत. हे कबूल असन तर घेऊ." मी कबूल केलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही राहायला गेलो. चाचा-चाची भिंतीच्या कामासाठी महिनाभर आमच्यासोबत थांबले. चाचांच्या ओळखीच्या मिस्त्रीनं भिंतीच्या माथ्यावर टिनाचं छप्पर घातलं. आवार साफ करायला आठ दिवस लागले. पहिले दोन दिवस आम्ही घरचेच होतो, मग हळूहळू गल्लीतली माणसं फावडी घेऊन आली. केर त्यांचाच होता.

विहिरीकडे मात्र हे पाठ करून काम करत. मी म्हटलं, निदान भोवती बोरीच्या काट्या तरी लावा. तर म्हणाले, "हात लावू नये म्हणते ना तो? मंग काटाही नाही." पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीची शेळी त्या विहिरीत पडली. बाईचा आरडाओरडा ऐकून आम्ही धावलो. पाणी फार नव्हतं, शेळी छातीपर्यंत बुडून ओरडत होती. कोणी दोर आणला. खाली कोण उतरणार म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत होते, तोवर यांनी सदरा काढलाही होता. वर आले ते डोक्यापासून पायापर्यंत शेवाळानं माखून, शेळी खांद्यावर घेऊन.

आत्याबाईंनी विचारलं, "कसं हाये रे पाणी?"

"सडकं हाये," हे म्हणाले आणि एकदम हसायला लागले. इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. संध्याकाळी त्यांनी स्वतःच काट्या लावल्या.

भिंत तिसऱ्या पावसाळ्यात पडली. छप्पर घालूनही पडली. आत मुरलेली ओल आम्हाला दिसली नव्हती. मी शाळेत होते, हे कामावर, आत्याबाई अंगणात डाळ निवडत होत्या. धप्प आवाज आला आणि खोलीत उजेड झाला, असं त्यांनी मला सांगितलं. मडकी फुटली, माझी पुस्तकांची पेटी मातीखाली गेली. चार-पाच महिने बांबूचा तट्टा लावून राहिलो आणि मग दगडाची भिंत घातली, सबंध आपल्याच जागेत. दमा तोवर बराच कमी झाला होता, पण पूर्ण कधी गेला नाही.

मालक वारल्यावर त्यांच्या सुनेचं पत्र आलं. जागा विकायची आहे, तुम्हाला हवी असेल तर आधी सांगा, असं तिनं लिहिलं होतं. भिंतीच्या खर्चातून नुकतेच सावरलो होतो, त्यामुळे मी नको म्हणून कळवलं. पण विचारल्याबद्दल आभार मानले. जागा एका मोटार मेकॅनिकनं घेतली. त्यानं कडुनिंब तोडला, विहीर बुजवली आणि वर शेड टाकली. दिवसभर हातोड्याचे ठोके पडत. आत्याबाई कुरकुर करायच्या, पण दुपारी चहा झाला की त्या मेकॅनिकच्या बायकोशी बोलायला तिकडेच जाऊन बसायच्या.