शिकलेल्या माणसाचा सल्ला

आमच्या सोसायटीखालचा इस्त्रीवाला शर्ट पसरताना स्वतःलाच बजावतो, "कॉलर आधी, बाकी मागनं." मुलीला सख्ख्या आत्याच्या घरी देताना त्याने मला विचारलं होतं, "काका, डॉक्टर दोघांचं रक्त तपासा म्हणतोय." मी शिकलेला. म्हणालो, "घरातल्या घरात कसली तपासणी?"

आता त्याच्या नातवाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

काल तो वर आला. "आत्या धाकटीलाबी मागतीय, दुसऱ्या पोरासाठी. काय करू, काका?"

मी हादरलो. अजूनही मलाच विचारत होता!

"आधी रक्त तपासा. तेव्हा मी चुकीचं सांगितलं. हा आजार आईबाप दोघांच्या रक्तातून येतो."

तो म्हणाला, "म्हंजे थोरलीच्या पायगुणानं न्हाई झालं हे? सासू तिला रोज बोलती, काका. मीबी बोललो."