आपाचं गप्प बसणं

आपा चिडली की मराठीतून हिंदीत शिरायची. आणखी चिडली की चष्मा काढून टेबलावर आपटायची. पण खरी चिडली की गप्प बसायची. आमच्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या हुशार पोरांना परदेशातल्या विद्यापीठांत पाठवणारी एक संस्था यवतमाळात आहे, तिथं आम्हाला तयार करण्याचं काम तिच्याकडे होतं. ती मूळची ढाणकीची, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या घरातली. तिच्या गप्प बसण्याला सगळं ऑफिस टरकून असे.

अर्जासोबत स्वतःविषयी निबंध लागतो. संचालक साहेबांच्या सल्ल्यानं मी उपासमार, गळकं छप्पर आणि कंदील असं सगळं घालून तो लिहिला होता. आपानं वाचला आणि माझ्यासमोर फाडला. "ये क्या लिखके लाई? घरी लाइट हाय ना तुमच्या, मंग कंदील कायले पेटवला? बाप गरीब हाय हे साऱ्याले मालूम हाय. तुले काय येते ते लिही." मला माती कळत होती. आमच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, कुठल्या वावरात पाणी थांबतं आणि का, ते मी लिहिलं.

मुलाखतीचा सराव ती ऑफिसमागे असलेल्या आपल्या भावाच्या गॅरेजात घ्यायची. एकीकडे घण पडतोय, दुसरीकडे इंजिन धडधडतंय आणि मधे उभी राहून मी मोडक्या इंग्रजीत मातीविषयी ओरडतेय. "इथं आवाज निघाला तं कुठंबी निघते," असं तिचं म्हणणं. पोडाबाहेर तोंड न उघडणारी मी खऱ्या मुलाखतीत घडाघडा बोलले. प्रवेश मिळाला, फी माफ झाली. विमानाचं तिकीट तेवढं संस्था देणार होती.

तेव्हा देणगीदारांना दाखवायला माझ्यावर फिल्म हवी, असं साहेबांनी काढलं. कॅमेरा घेऊन ते पोडावर आले, सोबत आपाही होती. माझी आई सणाचं हिरवं लुगडं नेसली होती, केसांना तेल लावून बसली होती. साहेब हसत म्हणाले, "ताई, हे नको. रोजचं, जरा फाटकं असेल ते नेसा." आई आत गेली, लुगडं बदलून मान खाली घालून बाहेर आली. अंगणात नळ असताना साहेबांनी तिच्या डोक्यावर घागर दिली. ती खाली गेलेली मान आठवली की आजही माझे हात शिवशिवतात.

आपा केव्हाची गप्प झाली होती. तिनं आईची घागर उतरवून ठेवली आणि कॅमेऱ्यासमोर आडवी उभी राहिली. "बाई, तुमी जा, तेच हिरवं नेसा," म्हणाली. मग साहेबांकडे वळून, "मांगाचं असन तं आपल्या तोंडानं मांगा, साहेब. तिच्या फाटक्या लुगड्यानं मांगू नोका."

फिल्म नाही तर तिकीट नाही, असं साहेब बोलून गेले. दुसऱ्या दिवशी आपा त्यांच्या केबिनमध्ये समोरची खुर्ची धरून बसली. चहा आला, तिनं घेतला नाही. देणगीदार येऊन गेले, ती हलली नाही. ही बाई का बसली आहे, असं प्रत्येक जण विचारायचा आणि साहेब विषय बदलायचे. "आपा, काही बोला तरी," ते शेवटी काकुळतीला आले. संध्याकाळी माझं तिकीट मंजूर झालं, आणि आठवडाभरात आपाची नोकरी गेली. कारण सांगितलं, स्वभाव. दुसऱ्याच्या आईला फाटकं नेसायला लावणाऱ्याचा स्वभाव मात्र कुणाला खटकला नाही.

मी निघाले त्या दिवशी यवतमाळच्या बसस्टँडवर आई हिरवं लुगडं नेसून आली होती. आपा गॅरेजातून तशीच आली. नोकरी गेल्यावर ती तिथंच पोरांना शिकवत होती. तिनं आईचा पदर सारखा केला, मला शेजारी उभं केलं आणि म्हणाली, "बाई, मान वर करा. आता काढू फोटो."

संस्थेच्या अहवालासाठी तो फोटो पाठव, असे साहेबांचे मेल अजून येतात. 'आमची विद्यार्थिनी' म्हणतात मला. मी उत्तर देत नाही. खरी चिडले की मीही आता गप्प बसते.