विमानतळाची अक्का

"चपला काढ. आठे खावानं शे."

अक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते हे वाक्य. म्हणजे, इथे खाण्याचं आहे. मी उभा होतो विमानतळाच्या धावपट्टीवर. खांद्याला पत्रकांची पिशवी, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि पायाखाली असं तापलेलं डांबर की चप्पल काढायची म्हणजे तव्यावर उभं राहायचं. मी म्हटलं, "अहो, पण हा विमानतळ आहे." ती म्हणाली, "मंग काय झाये? इमानबी चाकवर उतरस, चपला घालीसन नही."

मी चपला काढल्या. नंतर पाहिलं तर तिथे सगळेच काढत. जीपमधून आलेला फौजदार, मोजणीला आलेले साहेब, आणि एकदा तर विमानाचा पायलटसुद्धा.

ज्यांनी खानदेशातली धावपट्टी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शहराबाहेर सरकारने एक लांबलचक डांबरी पट्टा करून ठेवला होता. एक खोली, एक चौकीदार, एक पाटी: विमानतळ. विमान यायचं ते कधी तरी, मंत्री आला की किंवा निवडणूक आली की. बाकी वर्षभर पट्टा मोकळा. पलीकडच्या गावातली घरं लहान, पत्र्याची, दाटीची. अंगणं अशी की खाट टाकली तर दार उघडत नाही. मग उन्हाळा आला की सगळ्या बाया वाळवण घेऊन धावपट्टीवर यायच्या. ज्वारीच्या बिबड्यांचा, म्हणजे जाड पापडांचा, गरम घाटा पातेल्यात, डोक्यावर ओल्या साड्यांचा गठ्ठा. साडी अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि हाताने बिबडे थापत जायचे. डांबर खालून तापतं, ऊन वरून. सकाळी घातलेला बिबडा संध्याकाळी कडक.

हा सगळा कारभार अक्काचा. तिला कुणी नेमलं नव्हतं. धावपट्टी नवी झाली तेव्हा पहिली साडी तिने अंथरली, एवढाच तिचा हक्क. पण "मी सांगस तठे बठानं" असं ती म्हणायची आणि सगळ्या बसायच्या. तान्ह्या पोरांच्या आया चौकीदाराच्या खोलीच्या सावलीजवळ. मिरच्या वाळवणाऱ्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे शिंका कुणाला नकोत. ज्या दोघींचं भांडण चालू असेल त्या पट्ट्याच्या दोन टोकांना. आणि नवीन लग्न होऊन आलेली सून बरोबर मध्ये. "तिले बोलाले कोनी पाहिजे ना," अक्का म्हणायची.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे हा पट्टा मागायला आलेल्या एका कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत छापून आलं होतं की खाजगी हातात गेल्याशिवाय या विमानतळाला व्यवस्थापन मिळणार नाही. जसं काही तोवर नव्हतंच!

तेव्हा दिवसच तसे होते. खाजगी विमानं उडायला लागली होती. मोठ्या शहरांचे विमानतळसुद्धा मालकांच्या हाती द्यावेत अशी भाषा पेपरात रोज वाचायला मिळायची. आमच्या विमानतळावर या कंपनीचा डोळा होता. पट्टा तिला बरीच वर्षं करारावर द्यायचा, मग रोज मुंबईचं विमान येणार, केळी विमानाने परदेशी जाणार, हॉटेल होणार. बाजारपेठेत पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. मी चळवळीतला कार्यकर्ता, पिंप्राळ्यात एका मित्राच्या खोलीवर राहायचो आणि त्याच्याच सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रकं काढायचो. मी लिहिलं: 'विमानतळ कुणाचा?' आणि ते वाचून दाखवायला धावपट्टीवर गेलो.

सगळं ऐकून अक्का म्हणाली, "मंग कोना शे?"

"लोकांचा."

"कोनता लोक? नाव सांग."

"तुमचा, अक्का. तुम्ही सगळे..."

"तुम्ही कोन? मी एकलीच उभी शे." बाया हसल्या. त्या दिवसापासून मी तिला 'अक्का, तू' म्हणायला लागलो आणि तिने माझं नाव 'कागदवाला' ठेवलं. पत्रकाचा कागद बोटांनी चाचपून ती म्हणाली, "कागद जाड शे. पन बिबडा ठेवाले काम नही. शाई लागी जाई." आणि एक अर्धवट वाळलेला बिबडा, लसूण-तिळाचा, माझ्या हातात ठेवला. असा मऊ बिबडा तुम्ही खाल्ला असेल तर पुढचं सांगायला नको. मी त्या उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी प्रचाराला जायचो.

गावातलं तिचं घर मी एकदा पाहिलं. म्हणजे घर दिराचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दाराशी बसलेली अक्का वेगळीच वाटली. दीर आला, "सरक" म्हणाला, ती सरकली. जाऊबाईंनी पाणी मागितलं, तिने दिलं. मी आलोय हे घरात सांगायचीही तिला चोरी. त्या घरात तिला कुणी 'अक्का' म्हणत नव्हतं. धावपट्टीवर मात्र अख्खं गाव तिला विचारून पाय टाकायचं. तेव्हा मला कळलं की हा पट्टा गेला तर बायांची वाळवणाची जागा जाईल, पण अक्काचं अक्कापण जाईल.

पायलटची गोष्ट सांगायची राहिली. एक मंत्री सभेला गेले आणि त्यांचा तरणा पायलट दुपारभर विमानाच्या सावलीत बसून कंटाळला. फिरत फिरत बायांकडे आला. अक्काने बूट काढायला लावले. बिचारा मोज्यांवर, डांबरावर नाचतोय, आणि अक्का त्याला बिबडा देऊन विचारतेय, "तुले आठलं कसं दिसनं रे वरथून?" तो म्हणाला, "साड्या दिसल्या, आई. रंगीत." अक्काने ते गावभर सांगितलं. वरून आपली साडी दिसते!

विमान येणार असलं की चौकीदार आधी निरोप द्यायचा. पण अक्काचे कान आवाजाकडेच. घरघर ऐकू आली की ती हात वर करायची आणि दोन मिनिटांत पट्टा रिकामा. मी एकदा चिडून म्हटलं, "अक्का, मंत्र्यासाठी एवढी कशाला पळतेस?"

"मंत्रीसाठे नही रे. खालना मानूस थकना तर बांधवर बठी जास. वरना कोठे बठी?"

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कंपनीची माणसं पट्टा बघायला स्वतःच्या लहान विमानाने येणार, अशी पक्की खबर लागली. मी बेत केला. साधा बेत. पोलिसांशी मारामारी नाही, दगड नाही. बायांनी रोजच्यासारखं वाळवण घालायचं आणि उठायचं नाही. विमान घिरट्या घालून परत जाईल, फोटो पेपरात येतील, कंपनी विचारात पडेल. बाया तयार झाल्या. अक्काही म्हणाली, "बठसूत. काय व्हतं!"

त्या दिवशी असं वाळवण पडलं होतं की पट्ट्यावर डांबर दिसत नव्हतं. बंदोबस्ताला दोनच पोलीस. त्यातल्या एकाची आई तिसऱ्या साडीपाशी बसलेली. तो लांबून म्हणाला, "माय, ऊठ ना वं." ती म्हणाली, "तू घरी ये, मंग सांगस तुले." आम्ही पोट धरून हसलो. आता वाटतं, आमच्या चळवळीतला तो सगळ्यात चांगला तास.

मग विमान आलं. पांढरं, खेळण्यासारखं. मी घोषणा दिली, बायांनी उचलून धरली. विमान खाली आलं, आम्हाला पाहून वर गेलं. टाळ्या! पुन्हा वळसा घालून आलं, पुन्हा वर गेलं. माझा घसा बसला होता, पण आनंदाने. एवढ्यात पाहिलं तर अक्का टाळ्या वाजवत नव्हती. डोळ्यांवर हात धरून विमानाकडे बघत होती. तिसऱ्यांदा विमान इतकं खाली आलं की साड्यांचे पदर फडफडले. अक्का उभी राहिली.

"बठ्ठ्या उठा वं."

मी धावलो. "अक्का, बस! तो जाईल परत."

"कोठे जाई?"

"जाईल औरंगाबादला, नाशिकला, कुठंही."

"तठे पोची का तो? तेल शे का त्यान्हामा?"

मला काय ठाऊक, त्याच्यात किती तेल आहे ते!

"तुले म्हाईत नही ना? मंग ऊठ. कोपरा धर."

मी ओरडलो. म्हटलं, ही माणसं तुझी जागा घ्यायला आलीत, अक्का. उद्या तुला इथे पाऊल टाकू देणार नाहीत. ती माझ्याकडे न बघता दगड बाजूला करत होती. म्हणाली, "पाहुना कसाले उना ते तो उतरना का इचारसूत. आधी उतरू दे."

बिबडे ओले होते. ओला बिबडा साडीसकट गोळा केला की त्याचा लगदा होतो, मग त्याचं काही करता येत नाही. सगळ्यांना ते माहीत होतं. तरी बाया उठल्या, कारण अक्का उठली होती. वर्षाचं खाणं बायांनी गठ्ठे करून कडेला ओढलं. एका साडीचा एक कोपरा माझ्या हातात होता. विमान उतरलं.

चौघं खाली आले. स्वच्छ कपडे, काळे चष्मे. कडेला एक साडी घाईत तशीच राहिली होती, चार-सहा बिबडे शाबूत. अक्का पुढे झाली आणि म्हणाली, "बूट काढा भाऊ. आठे खावानं शे." एकाने दुसऱ्याला इंग्रजीत काही विचारलं. दुसरा हसला. आणि ते चौघं साडीवरून चालत खोलीकडे गेले.

अक्काने साडी उचलली, झटकली, घडी केली.

मी बोललो. तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, पण परतही घेत नाही. बसायला हवं होतं. मी आजही म्हणतो, बसायलाच हवं होतं. तेल असतंच विमानात. तेल घेतल्याशिवाय कुणी उडतं का? एवढं मात्र खरं की त्या दिवशी, त्या क्षणी, हे शपथेवर सांगू शकणारं तिथे कुणी नव्हतं. आणि ज्या बाईला मी 'लोक' म्हणत होतो तिने लोकांमध्ये त्या वरच्या चौघांनाही धरलं होतं. माझ्या पत्रकात ते बसत नव्हते.

करार झाला. तारेचं कुंपण आलं, फाटक आलं, पाटी आली: खाजगी व्यवस्थापन, प्रवेश बंद. जुना चौकीदार गेला. बाहेरगावचा एक पहारेकरी आला, तो अक्काला 'ए बाई' म्हणायचा. पुढच्या उन्हाळ्यात गावात वाळवण झालं, नाही असं नाही. कुणी पत्र्यावर घातलं, कुणी रस्त्याच्या कडेला. ज्याचं त्याने, ज्याच्या त्याच्या दारात. कुठे बसू, हे कुणाला विचारायचं कारण उरलं नाही. अक्का सकाळी साडीची घडी काखेत घेऊन कुंपणापर्यंत जायची आणि ऊन चढलं की परत यायची. शेवटी तिचा भाचा तिला दोंडाईच्याला घेऊन गेला. मी तेव्हा जामनेरकडे कुठल्या तरी सभेत होतो. मला कळलं ते नंतर.

वर्षभराने मी सुरत लाइनच्या पॅसेंजरने दोंडाईच्याला उतरलो. भाच्याचं घर सिमेंटचं, नवं. वर मोठं धाबं, म्हणजे गच्ची, मोकळं. अक्का तिथेच बसली होती. वाळली होती. "उना कागदवाला," म्हणाली आणि पिशवीतलं पत्रक मागून घेतलं. वाचता येत नव्हतं, तरी हातात धरून बसली.

"धाबं मोठं शे, अक्का," मी तिच्या बोलीत म्हणून पाहिलं.

"मोठं शे. पन कोनी येत नही."

मग तिने विचारलं, "तठे इमान येस का आते?"

मी खोटं बोलत नाही, ती माझी सवय नाही. म्हटलं, "नाही, अक्का. कुंपण घातल्यापासून एकही आलं नाही. गवत उगवलंय पट्ट्यावर." मला वाटलं, आता तरी ती चिडेल. आता तरी म्हणेल की बसायला हवं होतं. मी वाट पाहिली. ती कितीतरी वेळ पत्रकाची घडी घालत राहिली.

"येई," म्हणाली. "जागा मोकयी शे ना? येई."

गाडीची वेळ झाली म्हणून मी उठलो. जिना उतरून गल्लीत आलो आणि चपला घालत होतो, तेवढ्यात वरून तिचा आवाज आला. मला वाटलं मलाच हाक मारतेय. वर पाहिलं तर ती कठड्यावरून वाकून, डोक्यावर पाटी घेऊन चाललेल्या एका बाईला वाळवण घालायला वर बोलवत होती.

"वं माय! काही सुकाडानं शे का? वर लई ये! जागा शे!"

ती बाई थांबली, वर बघून हसली. "बजारमा तयार मियस आते, आजी," म्हणाली आणि पुढे गेली.

मी कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा गल्लीत दुसरी बाई वळली होती, आणि अक्का पुन्हा कठड्यावरून वाकली होती.