वहिनींची वायरची पिशवी

बातमी आली तेव्हा माझ्या तोंडात शिट्टी होती. कारखाने सुरू झाले की आमच्या फाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि आम्ही निवृत्त फौजी ‘पोलीस मित्र’ असा पट्टा दंडाला बांधून ती रांग सरळ करत उभे असतो. त्या सकाळी दोन ट्रॉल्या एकमेकींत अडकल्या होत्या, दोन्ही ड्रायव्हर ‘तू मागं घे’ म्हणून हटून बसले होते आणि माझ्या खिशातला फोन वाजतच होता. चिडून मी तो घेतलाच नाही. मग ठाण्यातली महिला हवालदार गाडीवरून आली आणि गाडी बंद न करताच म्हणाली, “नाना, घरी चला. काकी गेल्या.” मी तिलाच विचारलं, “कुठं?” कारण माझ्या वहिनी, म्हणजे गावाच्या काकी, कायम कुठंतरी गेलेल्याच असायच्या…

घरी आलो तर वहिनी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्यासारख्या. एका पायात चप्पल, दुसरी पायरीखाली पडलेली. शेजारी वायरची पिशवी कलंडली होती. ठाण्यातून निरोप आला होता की एक बाई येऊन बसलीय, आणि त्या निघाल्या होत्या. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचं सांगितलं. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही. आता इतके आठवडे झाले, पाहुणेरावळे आपापल्या घरी गेले, तरी मला घरात बसवत नाही. फाट्यावर जातो, परत येतो, चहा टाकतो आणि तो प्यायचा विसरून पुन्हा बाहेर पडतो.

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर पाटणकडचं, डोंगरातलं, त्यामुळे चालणं झपाझप. दादा आणि मी दोघंही फौजेत, तेव्हा शेत, म्हशी, सासू-सासरे असं सगळं त्यांनी एकटीनं ओढलं. दादा गेल्यावर हातावर हात ठेवून बसणं काही जमेना. गावानं त्यांचं नाव ठाण्याच्या महिला दक्षता समितीत घातलं. असल्या समित्यांचं काम काय, तर वर्षातून एकदा सत्काराला जायचं आणि नारळ घेऊन यायचं, असा माझा समज होता. मी तो बोलूनही दाखवला. त्या म्हणाल्या, “आवं भावजी, नारळ आणीन की. पन आधी तितं काय चाललंय ते तरी बघून येते.”

पहिल्याच खेपेला त्यांनी पाहिलं ते असं. मारहाण झालेली एक बाई बाकावर बसली होती आणि तिच्या अंगावर एका शिपायाचा रेनकोट होता. बाहेर कडक ऊन. अंगावरचे कपडे पुरावा म्हणून जप्त होतात, ते मुद्देमालात जातात. पण त्यानंतर त्या बाईनं काय घालायचं, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. रेनकोट देणारा शिपाई बिचारा भलाच होता, त्याच्याकडे होतं ते त्यानं दिलं. वहिनी घरी आल्या त्या तणतणतच. जुनी वायरची पिशवी काढली, त्यात धुतलेली साडी, परकर, मोठ्या मापाचा ब्लाउज, टॉवेल, कंगवा, चपला आणि सेफ्टी पिना भरल्या. ब्लाउज कुणालाही बसावा म्हणून मोठा आणि मोठा झाला तर टाचायला पिना. दाराआडच्या खिळ्याला ती पिशवी अडकवली आणि तेव्हापासून फोन आला की तो खिळा रिकामा. त्यांना ठाण्यात पोचवायला अर्थात माझी स्कूटर.

आता सुमनचं सांगितलं पाहिजे. तिचं खरं नाव मी लिहीत नाही. तिचं माहेर आटपाडीकडचं, आईवडील वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागे, म्हणजे पोरीनं पळून जावं तर नेमकं कुठल्या माळावर जावं हाही प्रश्नच. नवऱ्याच्या माराला कंटाळून ती ठाण्यात आली. आपल्याकडे अशा वेळी जे होतं तेच झालं. दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसली, नवऱ्यानं हात जोडले, सासूनं डोळ्याला पदर लावला, चहा आला. विधवेनं ओटी भरू नये ही रीत वहिनी मानत नसत; समेट झाला म्हणून त्यांनी स्वतः पोरीची ओटी भरली. तांदूळ, नारळ आणि पिशवीतली नव्हे, मुद्दाम दुकानातून आणलेली हिरवी साडी. “नांद पोरी,” म्हणाल्या आणि तिला नवऱ्याच्या मागं गाडीवर बसवलं. परतीच्या वाटेवर वहिनी स्कूटरवर मागं बसून चक्क गुणगुणत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात सुमन सरकारी दवाखान्यात होती. हात मोडलेला, कपाळ फुटलेलं. अंगावर तीच हिरवी साडी. वहिनी पिशवी घेऊन धावल्या, पोरीला दुसरी साडी नेसवली आणि ती हिरवी साडी पोलिसांनी त्यांच्या डोळ्यांदेखत कागदात गुंडाळून लाखेनं मोहोरबंद केली. त्या दिवशी घरी आल्यावर त्या कितीतरी वेळ मोरीत हात धूत राहिल्या.

त्यानंतर समेटाच्या बैठकीला वहिनी बसल्या नाहीत. कुणी बोलवायला आलं की सरळ म्हशीकडे निघून जायच्या. त्यांच्या हातून कुणाची ओटीही भरली गेली नाही, घरच्या हळदीकुंकवालासुद्धा ते काम धाकटीवर, म्हणजे माझ्या बायकोवर यायचं. ठाण्यात आलेल्या बाईला त्या काय झालं, कसं झालं, हे कधी विचारत नसत. ते विचारायला पोलीस आहेत. त्या कपडे बदलून देत, केस विंचरून देत आणि एवढंच विचारत, “तुला कुठं जायाचंय?” बाईला ते पटकन सांगता यायचं नाही, कारण तिला तसं कुणी विचारलेलंच नसायचं. वहिनी थांबायच्या. स्वयंपाक आटपेपर्यंत दम न धरणारी ही बाई तिथं मात्र तासन् तास थांबायची.

सुमनला त्यांनी गावातच एक खोली पाहून दिली, उसाच्या रोपवाटिकेत कामाला लावलं. खटला उभा राहिला आणि तारखांवर तारखा पडू लागल्या. सासरची माणसं रोपवाटिकेच्या दाराशी येऊन बसायची, कधी गोडीनं, कधी दमात. पोरगी साक्ष फिरवते की काय अशी धास्ती सगळ्यांनाच होती. वहिनींचा जीव तर सतत टांगणीला. एकदा भाकरी थापताना मध्येच हात थांबवून म्हणाल्या, “भावजी, कोर्टात त्या साडीचं पुडकं उघडतील. तवा मी तितं पायजे.” मी म्हटलं, तुम्ही साक्षीदार नाही, तुमचं काय काम? तव्यावरची भाकरी करपली.

तारीख लागली ती वहिनी गेल्यानंतर. सुमन सकाळी दारात येऊन उभी राहिली. “नाना, तुमी येता न्हवं?” एवढंच म्हणाली. स्कूटरवर ती माझ्यामागं बसली, वहिनी बसायच्या तिथंच. सीमेवर पहारा दिलेला माणूस मी, पण कोर्टाच्या व्हरांड्यात मी नुसत्या येरझाऱ्या घालत होतो. आत गेलो. सरकारी वकिलांनी पुडकं उघडायला लावलं. लाख फुटली आणि कागदातून ती साडी निघाली. हिरवा रंग काळपट झालेला, घडीवर डाग. सुमननं ओळखली. “माझीच हाय,” म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला पुन्हा सांगावं लागलं.

मग समोरच्या वकिलाची पाळी आली. त्यानं शांतपणे नेमकी तिथंच बोट ठेवलं जिथं वहिनींना वर्षानुवर्षं ठसठसत होतं. समेट झाला होता ना? दक्षता समितीच्या बाईंनी स्वतः ओटी भरून, ही साडी देऊन तुला नांदायला पाठवलं ना? म्हणजे त्रास असा काही नव्हताच, खरं ना? मी बाकाची कड घट्ट धरली. मला वाटलं, संपलं. वहिनींचीच साडी आता पोरीला बुडवणार…

सुमननं मान वर केली.

“व्हय, भरली हुती वटी,” ती म्हणाली. “काकींची चूक झाली. दवाखान्यात माझं पाय धरून त्यांनी तसं सांगितलंय मला.” मग तिनं नवऱ्याकडे बोट केलं. “ह्यानं अजून न्हाई सांगितलं.”

वकिलानं कागद चाळले आणि पुढचा प्रश्न विचारला. तो काय होता ते मी ऐकलंच नाही. वहिनींनी त्या पोरीचे पाय धरले होते, हे मला ठाऊक नव्हतं. घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मोरीत धुतले जाणारे ते हात मला आठवले आणि फाट्यावर, घरी, स्मशानात जे आलं नव्हतं ते रडू मला तिथं, परक्या माणसांत आलं.

निकाल अजून लागलेला नाही. साडी पुन्हा मोहोरबंद होऊन मुद्देमालात गेली. परतताना सुमन घरी थांबली, पाणी प्यायली. दाराआड पिशवी तिच्या खिळ्याला होती. वहिनी गेल्या त्या दिवशी कुणीतरी ती उचलून अडकवली, त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता. माझी तर तिच्याकडे बघायचीही तयारी नव्हती. सुमननं ती काढली, ओट्यावर बसून आतलं सगळं बाहेर घेतलं. साडी झटकून पुन्हा घडी घातली. “पिना गंजल्यात, नाना,” म्हणाली. आपल्या बांगडीत अडकवलेल्या चांगल्या पिना तिनं एकेक करून काढल्या आणि ब्लाउजला लावून ठेवल्या. पिशवी जागेवर अडकवली आणि चपला घालता घालता म्हणाली, “ठाण्यातनं फोन आला तर मला हाक मारा. बाईमाणूस लागंल.”

परवा फोन आला. मी ताडकन उठलो, स्कूटर काढली. पिशवी घ्यायला घरात वळलो तर खिळा रिकामा होता. ठाण्यातून आधी तिलाच फोन गेला होता; सुमन पिशवी घेऊन केव्हाच पुढं निघून गेली होती.