आधी पैसे मागायची लाज

ज्या माणसाने माझे पैसे बुडवले, त्याच्या तोंडातले सगळे आवाज मला पाठ आहेत. बोलायला लागण्याआधी तो जीभ टाळ्याला लावून एक चिकट आवाज काढायचा. मध्येच घसा खाकरायचा, थुंकी गिळायचा, ओठ चाटायचा. त्याच्या व्हिडिओंतून हे सगळं कापून काढणं हे माझं काम होतं. कानाला हेडफोन लावून मी तो आवाज शोधायची, मागेपुढे करून पुन्हा ऐकायची आणि कापायची. बघणाऱ्याला वाटायचं, काय स्वच्छ बोलतो माणूस! ती स्वच्छता माझी होती. आजही शेजारी कुणी मचमच करत जेवायला लागलं, तर मी ताट घेऊन दुसरीकडे जाऊन बसते. घरच्यांना ते माझे नखरे वाटतात.

तो पुण्याचा. सगळे त्याला सर म्हणत, म्हणून मीही म्हणायची. घरबसल्या ऑनलाइन कामं मिळवून पैसे कसे कमवायचे, याचे कोर्स तो विकायचा. मी बी. ए. झाल्यावर केजच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापायला शिकले होते आणि जुना लॅपटॉप घेऊन गावात परत आले होते. त्याच्या फुकटच्या ग्रुपवर मी होतेच. एक दिवस त्याने तिथे टाकलं की एडिटर हवा आहे, ग्रामीण भागातल्या मुलींना प्राधान्य. मी कामाचा नमुना पाठवला. त्याचा लगेच फोन आला. आवाजात मध नुसता. सगळं ठरल्यावर त्याने स्वतःहून विचारलं, ॲडव्हान्सची काही अपेक्षा आहे का? मी म्हणाले, नको सर, आधी काम बघा. तो म्हणाला, याला म्हणतात खरी प्रोफेशनल वृत्ती. त्या कौतुकाने मी दोन दिवस हवेत होते. आता ते आठवलं की माझीच मला शिसारी येते.

मी नको का म्हणाले, हे पुण्यामुंबईच्या माणसाला सांगून कळायचं नाही. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात. त्याआधी मुकादम येतो आणि उचल देऊन जातो. उचल म्हणजे हंगामाची मजुरी आधीच हातात. ऐकायला किती छान वाटतं. पण ती रक्कम घरात आल्या आल्या संपते आणि मग अंगात ताप असो, कंबर धरलेली असो, कोयता सोडता येत नाही. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर उरलेली पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. लहानपणी मी मायआबांबरोबर फडावर जायची. चाऱ्याच्या कोपीत, म्हणजे फडाशेजारच्या झोपडीत, मी मायला तापाने कुडकुडताना पाहिलं आहे आणि पहाटे त्याच मायला फडात वाकलेलं पाहिलं आहे. आबा तसे तापट. गावात कुणाचं ऐकून घेत नाहीत. पण मुकादम समोर आला की त्यांचा आवाज खाली यायचा. तो खाली आलेला आवाज मला कधी विसरता आला नाही. आपण आयुष्यात कुणाची उचल घ्यायची नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं होतं. ॲडव्हान्स हा शब्द मला शहरी कपडे घातलेली उचल वाटायचा.

त्या वर्षी मायची कंबर पार गेली होती. बसलेली उठायची तर भिंत धरून. मी तिला सांगून टाकलं होतं की या साली तू जायचं नाही. आमच्याकडे नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आबांनी अर्धा कोयता म्हणून जायचं आणि मायच्या वाटची रक्कम मी आणायची, असं घरात ठरलं. मायचा माझ्यावर विश्वास बसला नसावा. पण ती नाहीही म्हणाली नाही, आणि शेजारणीला मात्र लगेच सांगून आली.

पावसाळाभर मी गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला बसून सरांचे व्हिडिओ कापले. खाली रेंज मिळत नव्हती. झालेली फाइल पूर्ण, स्वच्छ, जशीच्या तशी पाठवून द्यायची. पैशांचा विषय काढला की तो म्हणायचा, तुकड्यातुकड्यात कशाला, कोर्स बाजारात आला की एकदमच करू. एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. बाकी सगळं तो लिहून कळवायचा. इथे अक्षर मोठं कर, तिथे गाणं बदल. पण रकमेची गोष्ट निघाली की हमखास फोन करायचा. माझ्याकडे त्याच्या सूचनांचा ढीग होता, पण अमुक पैसे देईन असं लिहिलेलं एक वाक्यही नव्हतं.

आणि मग तो धडा आला. कोर्समधला शेवटचा धडा, विषय होता ‘तुमचे पैसे बुडू नयेत म्हणून’. काळ्या कोटात सर सांगत होते की निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कामाला हात लावू नका. दर आणि मुदत लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर जाऊ नका. तपासायला पाठवायची फाइल हलक्या दर्जाची पाठवा, त्यावर आडवं तुमचं नाव टाका, आणि पैसे खात्यात आल्याशिवाय मूळ फाइल देऊ नका. समोरचा गोड बोलतो म्हणून विरघळू नका. इथे त्याने घसा खाकरला होता. मी ते खाकरणं कापलं.

कुणी विचारेल की तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला नको का? नाही पडला. मला उलट वाटलं, जो माणूस हे शिकवतो तो कशाला कुणाचे बुडवेल? शिवाय हे नियम परक्या लोकांसाठी, आपण तर त्यांच्या टीममधल्या. मी तो धडा सुंदर सजवला. ‘निम्मे आधी’ ही अक्षरं पडद्यावर नाचत येतील अशी केली आणि नेहमीप्रमाणे पूर्ण फाइल पाठवून दिली.

कोर्स बाजारात आला, खपायलाही लागला. आमचा मुकादम येण्याचे दिवस जवळ आले होते. मी रोज विचारायला लागले तेव्हा सर म्हणाले की ते लातूरला एका कार्यक्रमाला निघालेत, मांजरसुंब्याला थांबतील, तिथे ये, समोरासमोर हिशोब करून टाकू. मी केजहून जीपने गेले. धाब्यावर सर आधीच जेवून बसले होते आणि रबडी चालली होती. ते सगळे आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा न कापलेले ऐकले. वाटीच्या कडेला लागलेली साय ते बोटाने पुसून घेत होते आणि मला सांगत होते की तुझ्यासारख्या मुलींकडे बघून काम करायला बळ मिळतं. मी पैशांचं काढलं. त्यांनी माझ्यासमोर फोन उघडला, बराच वेळ अंगठा फिरवला आणि बँकेचा सर्व्हर बंद आहे म्हणून सांगितलं. पुण्याला पोचलो की लगेच टाकतो म्हणाले. मग ‘एक मिनिट’ म्हणून त्यांनी कॅमेरा माझ्याकडे वळवला. ही आमची बीड जिल्ह्यातली एडिटर, गावात बसून कमावते, हो की नाही? मी हो म्हणाले. चांगलं मिळतं का? चांगलं मिळतं, म्हणाले, आणि वर हसलेही. पैसे अडकलेला माणूस कसा लाचार होतो, ते मी आबांच्या तोंडावर पाहिलं होतं. आता माझं तोंड व्हिडिओत आहे.

बिल आलं. सरांनी आधी खिसे चाचपले, मग फोन, मग माझ्याकडे बघून खांदे उडवले. बिल मी दिलं. मजुरी मागायला गेलेली बाई मालकाच्या रबडीचे पैसे भरून परत आली.

पुढचं दोन ओळींत संपतं. दुसऱ्या दिवशी त्याने तोच व्हिडिओ मला कापायला पाठवला. मी लिहिलं, आधी मागचे पैसे. त्यावर त्याने पहिल्यांदाच पैशांबद्दल लेखी उत्तर दिलं: कामाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे नव्हता, त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न येत नाही. मग त्याने मला ग्रुपमधून काढलं आणि नंबर ब्लॉक केला. मी त्याच्या व्हिडिओखाली जाऊन सगळं लिहिलं. तेही पुसलं गेलं. दर्जा अपेक्षेप्रमाणे नसलेले माझे व्हिडिओ अजून तिथेच आहेत, आणि माझं ते ‘चांगलं मिळतं’ दुसऱ्या कुणाकडून तरी कापून घेऊन त्याने जाहिरातीला लावलं आहे. कधीतरी कुणाच्या फोनवर ते अचानक लागतं. मी तिथून उठून जाते.

मुकादम आला तो दसऱ्याच्या आधी. तो आबांचा लांबचा भाऊ लागतो, मी काका म्हणते. ओट्यावर बसून त्याने चहा घेतला आणि यंदा जोडी का अर्धा, असं विचारलं. आबा माझ्याकडे बघायला लागले. माय भिंतीला टेकून उभी होती. मला सांगावंच लागलं की माझे पैसे आले नाहीत, येणारही नाहीत. काकाने सगळं शांतपणे विचारून घेतलं. काम किती केलं, कुणासाठी केलं, आधी काय घेतलं होतं.

“काहीच न्हाई,” मी म्हणाले.

“काहीच न्हाई?” त्याने कप खाली ठेवला. “मंग त्यानं तुला कावून द्यावं? आमाला बी असा फुकटचा कोयता कुनी देत असंल तर सांग.”

तो हसला. आबाही कसनुसे हसले, आणि त्यांचा आवाज पुन्हा तसाच खाली गेला. दोघांचाही मला इतका तिटकारा आला की मी तिथून गच्चीवर निघून गेले. खरं तर तिटकारा त्या तिघांचा होता, पुण्यातला धरून. एक आधी पैसे देऊन माणूस बांधतो, दुसरा काहीच न देता राबवून घेतो, आणि मध्ये आमच्यासारखे हसणारे. खालून मायचा आवाज आला. ती काकाला सांगत होती की जोडीच लिहा.

दिवाळी झाल्यावर गाडी आली. मायला वर चढवायला दोन बायका लागल्या. मी भांड्यांचं गाठोडं वर दिलं. तिने ते मांडीवर घेतलं. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात मला नाशिकच्या एका दातांच्या डॉक्टरबाईंचं काम मिळालं. त्यांना दवाखान्याचे छोटे व्हिडिओ करून हवे होते. या वेळी मी दर लिहिला, मुदत लिहिली, किती वेळा बदल करून देईन तेही लिहिलं. निम्मे पैसे आधी लागतील, हे वाक्य मात्र मी लिहायची आणि पुसायची. कुणापुढे तरी हात पसरतेय असंच वाटत होतं. हे सगळं त्या माणसाच्या धड्यातलं होतं आणि सगळं बरोबर होतं, याची तर जास्तच किळस. शेवटी डोळे मिटून पाठवलं. बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत पैसे आले होते. तपासायला म्हणून हलकी फाइल पाठवली, तिच्यावर आडवं माझं नाव होतं. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. मी मायला फोन लावला. ती फडावर होती. मागे बायकांचे आवाज येत होते, कोयत्यांचे येत होते.

“माय, मी उचल घेतली,” मी म्हणाले.

 ती दबक्या आवाजात म्हणाली, “कुनाची? कावून घेतलीस माय तू?”

तिला भीती वाटली होती. मी घाईघाईने समजावून सांगितलं. दवाखान्याच्या बाई आहेत, चांगल्या आहेत, थोडंच काम आहे.

“कवा फिटंल?” तिने विचारलं.

“गुरुवारी. गुरुवारी मी फाइल दिली की फिटली. मग उरलेले पैसे त्याच मला द्यायच्यात.”

“गुरुवारी,” ती म्हणाली. मागून कुणीतरी तिला हाक मारली.

“आमची निम्मी बी न्हाई फिटली अजून,” ती म्हणाली, आणि गाडी भरायला आली म्हणून तिने फोन ठेवला.